पाठलागाची गाणी आणि फेराची गाणी: प्राथमिक वर्गातल्या संगीताबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या एका शाळेत मी पहिली ते पाचवीच्या मुलांना गाणं शिकवते. वर्गात मराठी घरची मुलं बरीच, पण माळवी, सिंधी, गुजराती घरांतलीही आहेत. खालचे प्रश्न मला पालकसभेत, शाळेच्या फाटकाशी आणि एकदा तर छप्पन दुकानवर पोह्यांची प्लेट हातात असताना विचारले गेले. तेच तेच सांगून घसा बसतो आणि माझ्या धंद्यात घसा बसून चालत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढलं. नव्यानं लागलेल्या संगीतशिक्षकांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

राऊंड म्हणजे काय? आमची मुलगी सांगते, बाई अर्ध्या वर्गाला मुद्दाम उशिरा गायला लावतात.

खरं सांगते ती. गाणं एकच, चाल एकच, लयही एकच. फक्त सुरुवात मागेपुढे. पहिला गट पहिली ओळ संपवून दुसरीवर गेला की दुसरा गट पहिली ओळ उचलतो. तो दुसरीवर गेला की तिसरा गट येतो. थोड्या वेळानं गाण्याच्या सगळ्या ओळी एकाच वेळी ऐकू यायला लागतात आणि तरी गोंधळ होत नाही, कारण चाल रचतानाच ती सोय केलेली असते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘आर यू स्लीपिंग’ ठाऊक असतं, तो याच जातीचा आहे.

आमच्या तिसरीच्या मुलांनी याचं नाव ‘पाठलाग’ ठेवलंय. पुढचा गट कधी हाती लागतच नाही म्हणून. मीही आता टाचणवहीत तेच लिहिते.

राऊंड म्हटल्यावर काही आज्यांना भोंडल्याचा फेर वाटतो. ते वेगळं. फेरात पाय फिरतात आणि गळे एकत्र असतात. पाठलागात पाय जागच्या जागी आणि चाल फिरते. वर्गात दोन्ही चालतं, पण एकाच तासाला नाही. एकदा हौसेनं दोन्ही एकत्र करून पाहिलं आणि दुसऱ्या कडव्यापाशी निम्मी मुलं उलट्या दिशेनं फिरत होती.

आपल्या संगीतात हे कुठे आहे? मग हे विलायती खूळ कशाला?

हा प्रश्न मला बहुतेक त्याच घरांतून येतो जिथे कुणीतरी ग्वाल्हेरच्या गायकीत वाढलेलं असतं. बरोबर आहे त्यांचं. आपलं रागसंगीत एका वेळी एकच चाल पुढे नेतं. राऊंड युरोपातला, लिहून ठेवलेल्या जुन्यात जुन्या राऊंडांतला एक इंग्लंडमधला, तेराव्या शतकातला, उन्हाळा आला आणि कोकिळेची बहीण कक्कू गाऊ लागली अशा अर्थाचा. मी काही तो आपलाच होता असं सिद्ध करायला बसलेली नाही.

मी घेते तो एका कामासाठी. आठ वर्षांचं मूल शेजारच्याचा आवाज ऐकलं की त्याच्या मागे जातं. ती त्याची खोड नव्हे, वयच तसं. राऊंडमध्ये शेजारचा वेगळी ओळ गातोय हे त्याला ऐकू येतं आणि तरी आपली ओळ सोडायची नाही, असा डाव असतो. तबलजी लेहरा (पेटीवर किंवा सारंगीवर फिरत राहणारी एकच चाल) ऐकत आपला कायदा, म्हणजे तबल्याची रचना, मांडतो तेव्हा वेगळं काय करतो? लेहऱ्याकडे कान नसेल तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकेल, आणि लेहऱ्याच्याच मागे गेला तर तबला बंद पडेल. तो कान लवकर तयार व्हावा एवढीच माझी अपेक्षा. पुढे ज्याला ख्याल शिकायचा त्यानं खुशाल शिकावा, तानपुरा ऐकत गाणं त्याला सोपं जाईल.

कितवीपासून सुरू करावं?

पहिली-दुसरीत राऊंड नको. तिथे मी म्हणते, तुम्ही म्हणा. मी टाळी देते, तुम्ही तशीच परत द्या. दुसरीच्या शेवटाला टाळ्यांचा पाठलाग जमतो, गाण्याचा नाही. तिसरीत दोन गट. चौथीत तीन. पाचवीत चार गट, तेही वर्गात पंचवीस-तीस मुलं असतील तर. बारा मुलांच्या वर्गात चार गट केले की प्रत्येक गटात एक खंदा गवई आणि दोन ओठ हलवणारे एवढेच उरतात.

पट्टी कोणती धरावी?

यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

बाई स्वतः काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गातात, म्हणून मुलांनाही काळी चार देतात. त्या पट्टीतला मध्य सा सहा-सात वर्षांच्या मुलाला खाली पडतो. मग ते मूल गात नाही, सुरात बोलल्यासारखं करतं, आणि आपण म्हणतो याला सूर नाही. सर शिकवत असतील तर वेगळी गंमत. सर काळी एकमध्ये खालच्या सप्तकात गातात, मुलगे त्यांची नक्कल म्हणून घसा दाबून घोगरा आवाज काढतात. मुलाचा आवाज वरच्या सप्तकातच लागणार हे सरांनी आधी कुणा मुलीकडून गाऊन घेऊन दाखवावं, नाहीतर सरळ पेटीवर तो स्वर द्यावा.

लहान मुलांसाठी मी पांढरी दोन धरते, कधी पांढरी तीन. पांढरी दोनचा सा घेतला की सा ते ध एवढा पट्टा त्यांच्या गळ्यात आरामात बसतो. वर तार सा चौथी-पाचवीत येतो. खाली मंद्रात मात्र जाऊ नये. ‘आर यू स्लीपिंग’च्या शेवटच्या ओळीत घंटा वाजते ना, तिथे चाल मंद्र पंचमावर उतरते, आणि नेमकं तिथेच मुलांचं गाणं विरतं. तेवढ्यासाठी मी तो राऊंड पाचवीपर्यंत काढत नाही, आणि तेव्हाही पट्टी चढवून.

कोडाय पद्धत म्हणतात ती हीच का?

तिचा काही भाग. झोल्तान कोडाय (१८८२–१९६७) हा हंगेरीचा संगीतकार. तो आणि बेला बार्तोक खेडोपाडी हिंडून लोकगीतं गोळा करत होते, आणि पुढे त्यानं आग्रह धरला की मुलाचं संगीतशिक्षण त्याच्या भाषेतल्या लोकगीतांपासून सुरू व्हावं. हातानं स्वर दाखवण्याच्या ज्या खुणा या पद्धतीत वापरतात त्या मूळच्या इंग्लंडमधल्या, एकोणिसाव्या शतकातल्या जॉन कर्वेननं रुळवलेल्या.

युरोपातल्या शिक्षकांना ‘डो’ हा कुठल्याही पट्टीवर ठेवता येतो हे मुलांना समजावून सांगावं लागतं. आपल्याकडे सा हलतो हे पोरांना जन्मतः माहीत असल्यासारखं आहे. पेटीवाल्या काकांनी पट्टी बदलली की सा बदलला, विषय संपला. ही आपली फुकटची कमाई. त्या पद्धतीतली दुसरी एक गोष्ट मला पटते. मुलांना पहिल्यांदा प–ग ही उतरती जोडी द्यायची, मग त्यात ध, मग सा आणि रे. मधल्या सुट्टीत मैदानावर मुलं एकमेकांना लांबून हाक मारतात, चिडवतात, त्या चालीकडे कान द्या. प–ग निघेल. सा-रे-ग-म-प-ध-नी सरळ चढत जायची सवय आपल्या वर्गांना आहे, पण लहान गळ्याला म आणि नी नीट लागायला वेळ लागतो. ते दोन स्वर बाजूला ठेवले की जे उरतं तो भूपाळीचा संच. म्हणजे फिरून आपण आपल्याच दारात.

लोकगीतं कोणती घेता? इथे इंदुरात मराठी की माळवी?

दोन्ही, आणि त्याला पंचांगाचा मोठा टेकू आहे.

माळव्यात श्राद्धपक्षात मुली संजा मांडतात. भिंतीवर शेणानं आकृती काढायची, रोज वेगळी, तिच्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि संध्याकाळी तिच्यापुढे उभं राहून गाणी म्हणायची. चंद्र-सूर्य असतात, स्वस्तिक असतं, शेवटाला मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती, येतो. सर्वपित्री अमावास्येला हे संपतं, सगळं पाण्यात सोडतात. आणि दुसऱ्याच दिवशी घटस्थापना. मराठी घरांत पाटावर हत्ती काढून भोंडला सुरू. काही घरांत सूर्य हस्त नक्षत्रात आल्यापासून सोळा दिवस हादगा असतो, तो दोन्हीकडे पाय टाकून उभा. म्हणजे आमच्या वर्गात भाद्रपद संपता संपता महिनाभर रोज मुलींची गाणी, आधी माळवी, मग मराठी. एवढा सलग माल दुसऱ्या कुठल्या शहरातल्या शिक्षकाला मिळत असेल असं वाटत नाही.

यातही एक भांडण दरवर्षी होतं. मराठी मूल म्हणतं हा भाद्रपद वद्य, माळवी मूल म्हणतं आमच्याकडे अश्विन लागला. दोघंही बरोबर. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. पंधरवडा तोच, नाव वेगळं. गाण्याच्या तासाला हे फळ्यावर काढून दाखवावं लागतं आणि पंधरा मिनिटं जातात. जाऊ द्यावीत. (२०२० साली अधिक अश्विन आला तेव्हा संजा आणि भोंडला यांच्यात महिन्याचं अंतर पडलं होतं.)

भोंडल्याची एक रीत शिक्षकाच्या फार उपयोगाची आहे. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एक वाढवत जायचं. कुणीही ‘उजळणी करा’ न म्हणता पहिलं गाणं नऊ वेळा होतं. पाठ्यपुस्तकवाल्यांना हे सुचलं असतं तर!

आणि देवास इथून तासाभरावर. कुमार गंधर्व १९४८च्या सुमाराला क्षयाच्या आजारात तिथे आले, काही वर्षं गाणं बंद होतं, त्या काळात त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी कान देऊन ऐकली. लोकधुनांतून त्यांनी पुढे राग बांधले, त्यांना धुनउगम राग म्हणत. ‘संजाची गाणी म्हणजे मुलींचा टाइमपास’ असं ज्या पालकांना वाटतं त्यांना मी एवढंच सांगते.

मुलगे भोंडल्याची गाणी म्हणतील का?

तिसरीपर्यंत बिनतक्रार. चौथीत एक जण म्हणतो, ‘भिया, ये तो लड़कियों का है’, आणि साथ पसरते. मी त्याला हत्तीच्या जागी बसवते. मग पुढच्या आठवड्यात हत्ती व्हायला रांग लागते.

गाण्यांतले सासुरवासाचे शब्द लहान मुलांना म्हणायला लावणं योग्य आहे का?

सासू माहेरी धाडत नाही, नणंद चहाड्या करते, कारल्याचा वेल लावायचा मग त्याला कारलं येऊ दे, अशी अट. पालकांपैकी काहींना हे जुनाट वाटतं, आणि एका आईनं तर शब्द बदलून आणले होते. त्यात सासू सुनेला कार चालवायला शिकवत होती. चांगली भावना होती, पण मात्रा जुळत नव्हत्या.

मी शब्द बदलत नाही. गाणी निवडते. लहानग्यांना मोजणीची, खाण्याची, प्राण्यांची, मातीच्या घराची गाणी देते. सासुरवासाची पाचवीत घेते, आणि त्यावर गप्पा मारते: ही अशी गाणी कोण म्हणत असेल, फेरात म्हणायची सोय का लागली असेल. आठ-नऊ वर्षांच्या नवऱ्या मुली सासरी जात होत्या, म्हणजे त्यांच्याहूनही लहान, हे कळलं की वर्ग गप्प होतो. एका मुलीनं विचारलं होतं, ‘मग ती रात्री कुणाजवळ झोपायची?’ त्या दिवशी आम्ही पुढे काही गायलो नाही.

भोंडल्याच्या किंवा संजाच्या गाण्याचाच राऊंड करता येतो का?

नवे शिक्षक हेच पहिल्यांदा करून पाहतात. मीही केलं होतं. फार हौसेनं, स्नेहसंमेलनासाठी, पालक समोर बसलेले. दुसरा गट शिरला आणि रे वर ग, ग वर म असे स्वर एकमेकांच्या अंगावर चढले. पहिल्या रांगेतल्या एका मुलानं दोन्ही कानांत बोटं घातली आणि तसाच गात राहिला. शहाणा मुलगा, त्याला त्याची ओळ टिकवायची होती. पडद्यामागून आमच्या पेटीवाल्या काकांनी भाता सोडून दिला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: लोकगीताचा राऊंड करू नये. कारणं सांगते. राऊंडची प्रत्येक ओळ सारख्या मात्रांची लागते, आणि आपल्या फेराच्या गाण्यांत शब्द वाढले की ओळ लांबते. म्हणणाऱ्या बायका ते सहज सांभाळून घेतात. राऊंडमध्ये शब्द एकमेकांखाली गाडले जातात. भोंडल्याच्या गाण्याला तर गोष्ट असते, एकीतून दुसरी अशी साखळी असते, ती ऐकू आली नाही तर उरलं काय? आणि मुख्य म्हणजे या चाली कुणी एकावर एक ठेवून पाहिलेल्या नाहीत. तशी गरजच नव्हती.

शिवाय त्यांच्यात दोन गट आधीपासून असतात. एक सांगणारी, बाकीच्या झेलणाऱ्या. लग्नघरात माळवी बायका गातात तेव्हा नीट ऐकलं तर कळतं की पहिल्या बाजूची ओळ पुरती संपायच्या आत दुसरी बाजू ती उचलते. टोकाचा एखादा स्वर दोघींचा असतो. माझ्या लेखी पाठलागाचा पहिला धडा तो. वर्गाचे दोन भाग करून हे सांगणं-झेलणं करावं, आणि झेलणाऱ्यांनी शेवटच्या स्वरावर स्वार व्हायला शिकावं. तिथून राऊंडला जायला एकच पायरी राहते.

फारच हौस असेल तर एका गटाला गाण्याखाली नुसता सा–प धरायला द्या, दोन दोन मात्रांचा, किंवा एखादाच शब्द लयीत म्हणत राहायला द्या. गाणं शाबूत राहतं आणि दोन आवाजांची चवही मिळते.

मग राऊंड कुठून आणायचे? एखादा नमुना द्याल?

मी स्वतः करते. सा रे ग प ध एवढेच स्वर, केरव्याच्या आठ मात्रा, चार ओळी. हा पावसाळ्यात वर्गातच झाला:

पाऊस आला आला
सा सा रे रे | ग ग सा ऽ

छत्री कुठे ठेवली
ग ग प प | प ध प ऽ

दारामागे टांगली
प ध प प | ग ग सा ऽ

टप टप टप टप
सा ऽ रे ऽ | सा ऽ सा ऽ

प्रत्येक ओळ आठ मात्रांची, एकेका अक्षराला एकेक स्वर, फक्त ‘टप’ला मिळून एकच. ऽ दिसला की आधीचा स्वर धरून ठेवायचा. ‘ठेवली’ची तीन अक्षरं सुटी म्हणायची. आता चारही ओळी एकाखाली एक आहेत तशा उभ्या वाचा. पहिल्या मात्रेवर चार गट सा, ग, प, सा म्हणत असतात. तिसरीवर रे, प, प, रे. पाचवीवर ग, प, ग, सा. सातवीवर सा, प, सा, सा. दुसरी आणि सहावी मात्रा बघा, तिथे ध येतो, पण तेव्हा बाकीच्यांकडे सा आणि ग असतात, प नसतो. म्हणजे शेजारचे दोन स्वर एका क्षणाला कधीच एकत्र वाजत नाहीत. राऊंड रचण्यात एवढंच गुपित आहे: आडवं गायचं, पण लिहिताना उभं तपासायचं. म आणि नी नसल्यामुळे अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच येत नाही, म्हणून एखादा गट घसरला तरी कानाला फार टोचत नाही.

हा भूपाळी राग झाला का, असं विचारू नका. स्वर भूपाळीचे, चलन पावसाचं.

मुलांना पाचवीत स्वतः रचायला सांगते. आधी पहिली ओळ ठरवायची, मग दुसरी लिहिताना पहिली वर ठेवून बघायची. मागच्या वर्षी एका गटानं भुट्ट्यावर केला होता, त्यात तिसरी ओळ नुसतं ‘लिंबू लिंबू’ होती. झकास वाजत होता.

वर्गात प्रत्यक्ष कसा बसवायचा?

घाई करू नये हे पहिलं. गाणं सगळ्यांनी एकत्र, पेटीशिवाय, न अडखळता म्हणता आलं पाहिजे. माझ्याकडे त्याला तीन-चार तास जातात. पेटी बंद केली आणि लय तशीच राहिली की गाणं पिकलं असं समजायचं.

मग सगळा वर्ग गातो आणि मी एकटी उशिरा शिरते. मुलं हसतात, माझ्याकडे बघतात, दोन-तीन जण माझ्यामागे येतात आणि हरवतात. परत. तिसऱ्या दिवशी कुणी हरवत नाही. मग उलट: मी पुढे, सगळा वर्ग मागून. त्यानंतरच वर्गाचे दोन गट. पहिल्या दिवशी गट एकमेकांकडे पाठ करून उभे करते, आठवड्यानं समोरासमोर. समोरच्याचे ओठ दिसत असताना आपली ओळ म्हणणं हे ऐकण्यापेक्षाही कठीण असतं.

प्रत्येक गटाला पायानं पहिली मात्रा धरायला सांगावी. पाय सगळ्यांचे एकत्र पडतात, गळे वेगळे. त्यामुळे सम कुठे आहे ते शरीराला कळत राहतं.

थांबायचं कसं हे आधी ठरवा, नाहीतर थांबतच नाही. आमच्याकडे तीन फेऱ्या झाल्या की पहिला गट शेवटची ‘टप टप’ धरून राहतो, दुसरा येऊन त्याला मिळतो, मग तिसरा, चौथा. सगळे एकदाच चार ‘टप’ म्हणून गप्प. त्या शेवटच्या ‘टप’नंतर जी शांतता होते तिच्यासाठी मुलं ‘बाई, अजून एकदा’ म्हणतात.

लय धावते. दुसरा गट पहिल्याला गाठायला बघतो.

पाठलाग नाव दिल्याचा हा तोटा. शिवाय आपली पोरं अनंत चतुर्दशीच्या झाँक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघून वाढलेली. तिथे ढोल वाढत वाढतच जातो आणि वाढला नाही तर मजा कसली. मी बोलून काही सुधारत नाही. गाताना पिशवीतले दाणे एका हातातून दुसऱ्या हातात द्यायला सांगते, मात्रेला एकदा. हात जेवढ्या वेगात चालतात त्याच्या पुढे गळा जात नाही.

दुसरं असं की मुलं मोठ्यानं गाऊन जिंकायला बघतात. तेव्हा उलटी शर्यत लावायची. दुसऱ्या गटाचे शब्द ज्यांना सांगता येतील ते जिंकले. आवाज आपसूक खाली येतो.

घरी मुलं हिंदीतच बोलतात. मराठी गाणी त्यांना झेपतील का?

झेपतात. बोलायला लाजणारं मूल गायला लाजत नाही. अडतं एका अक्षराशी: ळ. ‘कमल’, ‘बाल’, ‘सकाली’. अशा वेळी मी वर्गातल्या माळवी मुलांना पुढे करते, कारण त्यांच्या आज्यांच्या बोलीत ळ अजून ठणठणीत आहे. हिंदी शाळेनं त्यांचा जो ळ सोडवला तो मराठी गाण्यासाठी पुन्हा बाहेर काढताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पेटी वाजवावी की मोबाईलवरचा तानपुरा?

राऊंड चालू असताना तानपुरा. पेटीवर चाल वाजवलीत की पेटी ज्या गटाबरोबर असेल त्याच्याकडे सगळे पळतात. पेटी सुरुवातीला सा देण्यापुरती.

ऑनलाइन वर्गात राऊंड घेता येतो का?

२०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा प्रयत्न केला. प्रत्येक घरातून आवाज वेगळ्या क्षणाला पोहोचतो, त्यामुळे एकत्र म्हणायला सांगितलेलं साधं गाणंसुद्धा आपोआप राऊंड होतं, तेही कुठलीच मात्रा न पाळता. चौदा घरांतून चौदा पाऊस आले. माईक बंद करून एकेकाला गायला लावलं आणि बाकीच्यांनी आपल्या घरात त्याच्यामागून शिरायचं, एवढं जमलं. एका आजोबांनी नातवाबरोबर शिरून चार फेऱ्या टिकवल्या होत्या.

माझ्या मुलाला सूर नाही. त्याला वगळलं तरी चालेल.

नाही चालणार.

गुण कसे देता?

गटाला देते, मुलाला नाही. पाठलाग मोडला तर कुणामुळे मोडला हे शोधायला मी जात नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

वर्गातल्या भोंडल्याला खिरापत काय पाठवायची?

ओळखायला कठीण असेल असं काहीही. डबा कापडात गुंडाळून द्या, वास येता कामा नये. दरवर्षी कुणीतरी भुट्ट्याचा कीस पाठवतं, झाकण लावलेलं असतानाच सराफ्यापर्यंत वास जातो, आणि ‘खाऱ्यातली की गोडातली’ हे विचारायची वेळच येत नाही. यंदा कीस पाठवायचा असेल तर सगळ्यांना पुरेल एवढा पाठवा. मागच्या खेपेला हत्तीनंच संपवला.